आशूची दुसरी गोळी

मंडळी, मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टी कुणी काढल्या की मी तिथून उठून जाते. उठता येत नसेल तर भांडते. माझ्या सासरी यामुळे मला ‘वकील’ म्हणतात! तेव्हा पुढचं वाचून ‘मॅडम, तुम्हीसुद्धा?’ असं विचारू नका... मीच स्वतःला रोज विचारते.

माझी धाकटी बहीण अश्विनी, आमची आशू, मुखेडला दिली आहे. नवरा मन्मथ मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, स्वभावाने गरीब. घरात सासू महानंदाबाई, त्यांना सगळे मोठ्याई म्हणतात. लग्नानंतर आशूला कानात आवाज यायला लागले. भिंतीआडून कुणी शिव्या देतंय म्हणायची, जेवण टाकायची, रात्र-रात्र जागायची. नांदेडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या – अँटीसायकोटिक. आवाज कमी झाले, पोरगी हसायला लागली, शिवणाची मशीन पुन्हा उघडली. थोडे आवाज उरले होते म्हणून डॉक्टरांनी मागच्या खेपेला डोस वाढवला आणि सोबत एक बारकी गोळी लिहून दिली. मी सोबत होते. “या गोळीने काहींची मान, जबडा आखडतो. तसं होऊ नये म्हणून ही दुसरी,” असं त्यांनी नीट सांगितलं होतं. घरी गोळ्या काढून द्यायचं काम मोठ्याईंकडे.

त्यानंतर काही दिवसांनी, एका मंगळवारी, क्लासला सुट्टी म्हणून मी उदगीरला बस बदलून मुखेडला गेले. ऊन चांगलंच तापलेलं. गल्लीत वळले तर आशूच्या दारात चपलांचा ढीग!

आत बघते तर आशू पाटावर बसलेली. मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर छताला लागलेले, जबडा आवळलेला, ओठाच्या कडेने लाळ. कपाळभर हळदी-कुंकू. समोर आरती पेटलेली आणि गल्लीतल्या बाया रांगेने तिच्या पाया पडत होत्या!

“आई आली गं माझ्या घरी,” मोठ्याई रडत होत्या. “माहूरची आई आली!”

मी आशूचा हात धरला. तिने माझी बोटं करकचून दाबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला सगळं कळत होतं – फक्त बोलता येत नव्हतं आणि मान सरळ होत नव्हती. माझं डोकंच सणकलं.

“हे गोळीचं आहे! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!”

“देवी आलेल्या बाईला सुई टोचतेत का?” मोठ्याई कडाडल्या. “आईला गोळ्या चालत न्हाईत. आजपासून समद्या गोळ्या बंद!”

गोळ्या बंद म्हणजे भिंतीआडचे आवाज परत, जागरणं परत. आणि एकदा का गल्लीने तिला देवी मानलं की पुन्हा कोण तिला डॉक्टरकडे नेऊ देणार? मी आशूला उठवायला गेले तर बायांनी वाट अडवली. मन्मथ दारात नुसता उभा – एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “कोंडाबाईला बलवा. तिला वळखू येईल.”

संपलं, म्हटलं. कोंडाबाई त्याच गल्लीतली. दर मंगळवारी तिच्या अंगात रेणुकाई येते म्हणतात. आशूच्या आजारपणात तिच्याशी माझं कडाक्याचं वाजलं होतं. बाई नेमकी माहूरहून परतली होती, खांद्यावर पिशवी तशीच. तिने मळवट भरला, केस सोडले, घुमायला लागली. मी मनात म्हटलं, चला, नाटक सुरू.

आणि एकदम थांबली. अगदी स्तब्ध... पुढे झाली, आशूच्या आखडलेल्या जबड्यावर हात फिरवला आणि मोठ्याईंकडे वळली.

“ही मी न्हाई.”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

“ही मी न्हाई! माझं लेकरू आखडलंय. दवाखान्यात न्या, बिगीनं. आन् महानंदे... तुरीच्या डाळीच्या डब्यात दडवलीस ती दुसरी गोळी काढ भायेर!”

मोठ्याईंचा चेहरा पांढराफटक पडला.

मग काय! ज्या बाया वाट अडवत होत्या, त्यांनीच आशूला उचलून ऑटोत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मोबाईलमधला नांदेडच्या चिठ्ठीचा फोटो पाहिला, इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात मान सैल पडली, डोळे खाली आले, जबडा सुटला. आशूचं पहिलं वाक्य – “ताई, लई दुखलं गं... आन् त्या बायांनी पाया पडून पडून माझे पाय पार चेपून टाकले!” मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. कधी कधी घशाचे स्नायू आखडतात, मग श्वासाला धोका. नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस कमी केला, बारकी गोळी नेमाने द्यायला सांगितली आणि बजावलं – आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. त्रास झाला तर आधी आम्हाला विचारा.

घरी आल्यावर मोठ्याईंनी डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पाकीट निघालं. न फोडलेलं.

“दोन-दोन गोळ्यांनी पोटात लेकरू ऱ्हायचं न्हाई असं वाटलं मला,” त्या हुंदके देत म्हणाल्या. “कुनालाबी सांगितलं न्हाई गं. देवाशप्पथ न्हाई.”

आशूने तिथेच सांगितलं, मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून ठरवू, पण गोळ्या दोन्ही घेणार. मोठ्या आवाजात सांगितलं. माझ्या बहिणीला त्या घरात एवढ्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. ऊर भरून आला माझा!

आता प्रश्न उरतो. नांदेडहून नवी गोळी आली तेव्हा कोंडाबाई माहुरात होती. मी मन्मथला विचारलं, गल्लीत विचारलं. त्या स्वयंपाकघरात तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. अंदाज म्हणावा तर डबा बरोबर, डाळसुद्धा बरोबर? शेवटी मी तिलाच जाऊन गाठलं.

ती भाकरी थापत होती. “मला काय ठाव, माय? आई बोलती तवा मी तिथं नसतेच की.”

मी तिच्या हातची भाकरी खाऊन आले. आजही उत्तर सापडलेलं नाही. मुलांनी असलं काही विचारलं तर सरळ ‘आउट ऑफ सिलॅबस’ म्हणून मोकळी होते.

गोळ्यांची दोन्ही पाकिटं आता मोठ्याईंनी देवघरात ठेवलीत, रेणुकाईच्या फोटोपाशी. आशूचं शिवण जोरात चाललंय. रात्री फोन केला की मागून मोठ्याईंचा आवाज येतोच – “आशे, दोन्ही घेतल्या का गं?”

“हाव, घेतल्या!” आशू ओरडते.

तेवढं ऐकलं की मी फोन ठेवते आणि निवांत झोपते.