ओनेझीमकाकाच्या हाताचा गुण

एल्डाला ओनेझीमकाकाचा संशय आला तो इस्टरच्या दिवशी, चर्चबाहेर. शेजारणीने त्याला सगळ्यांदेखत "थँक्यू" म्हटलं आणि म्हातारा नुसता हसला. चाळीस वर्षं तो बायूच्या, म्हणजे इथल्या दलदलीतल्या संथ खाडीच्या काठच्या लोकांची भाजल्याची आग प्रार्थना पुटपुटून, हात फिरवून काढत आला होता. पैसे घ्यायचा नाही, आणि आभार तर मुळीच नाही. आभार मानले की गुण गेला, हा नियम. पूर्वी कुणी चुकून मानले तर घराबाहेर काढायचा. आणि आज हसतो?

ती प्रार्थना दुसऱ्याला दिली की देणाऱ्याचा हात रिकामा होतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. काकाची नात मार्सेल नाताळात ह्युस्टनहून आली होती आणि दोन दिवस दोघं मागच्या ओसरीवर कुजबुजत होती. एल्डाने बरोबर ताळा जमवला.

"पोरीला देऊन बसलाय तो," ती नवऱ्याला म्हणाली. "आता नुसतं नाटक चाललंय."

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," रॉयस म्हणाला. लहानपणी बाकीची पोरं कॉमिकमधल्या सुपरहिरोंवर मरायची; रॉयसचा सुपरहिरो ओनेझीमकाका.

पुढच्याच शनिवारी कोळंबीचं उकळतं पातेलं रॉयसच्या उजव्या हातावर कलंडलं. कोपरापर्यंत कातडी सुटली. मासेमारीची बोट चालवायचा हात तो! एल्डा गाडीची किल्ली घेऊन धावली, तर हा बाबा खुर्चीतून हलेना.

"दवाखान्यात गेलेला माझा बाप परत आला नाही. काकाला बोलाव."

काका आल्या आल्या म्हणाला, "आधी हात नळाखाली धर. वीस मिनिटं."

याआधी त्याने कधी नळाचं नाव काढलं नव्हतं. या भोंदूपायी नवऱ्याचा हात जाणार! निघताना त्याच्या तोंडावर थँक्यू म्हणायचं तिने ठरवलं. चिडला नाही, तर सगळ्या गावात सांगायचं.

मग काका समोर बसून पुटपुटला. रॉयसचं कण्हणं हळूहळू थांबलं.

"आग मी काढली," काका म्हणाला. "कातडीचं काम डॉक्टरचं. ऊठ, गाडीत बस."

बायकोचं, आईचं, पाद्रीबाबांचं कधी न ऐकलेला रॉयस मुकाट उठला.

एल्डाने काकाला दारात गाठलं. "खरं सांगा, मार्सेलला दिलंत ना?"

"नाताळातच दिलं."

"मग आलात कशाला?"

"बोलावलंस म्हणून." म्हातारा पायरीवर टेकला. "मी आलो नसतो, तर उठला असता तो?"

"आणि पुटपुटत काय होतात?"

"साधी प्रार्थना, पोरी. तुलाही येते ती."

एल्डाला स्वतःचीच लाज वाटली. थँक्यू ओठांवर आलंच होतं, अगदी मनापासूनचं. गाडीच्या खिडकीतून रॉयस बघत होता. ते तसंच गिळून ती गाडीत जाऊन बसली.

"त्याला थँक्यू नाही ना म्हणालीस?" रॉयसने विचारलं.

"वेडी आहे का मी?" एल्डा म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.