धूर गोळा करणारा भाडेकरू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूइतका बिनकामाचा उद्योगी माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाय. कॉलेजात रसायन शिकवून रिटायर झालेला, एकटा जीव. सगळे त्याला सर म्हणायचे, मीही तोंडावर म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाय.

चिकलठाण्यात तेव्हा नव्या बिल्डिंगी वर चढत होत्या आणि बोअर खाली आटत होते. टँकर आला की सगळी गल्ली पाण्याच्या पाइपाला झोंबायची. हा एकटा सायकलची ट्यूब घेऊन सायलेन्सरला. ड्रायव्हर म्हणायचा, "सर, पानी उधर है." हा म्हणायचा, "पाणी सगळेच नेतात, धूर कोण नेणार?" मग धुरानं फुगलेली ट्यूब गळ्यात घालून नवरदेवासारखा जिना चढायचा. याची घागर भरून कोण द्यायचं? माझी बायको.

धुरातला कार्बन डायऑक्साइड धरायचं त्याला वेड. कारखान्यांत त्यासाठी उग्र रसायनं लागतात, याला मातीला न बाधणारं पाहिजे. युरिया आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती पांढरी पावडर, दोन्ही कोरडी. एकत्र कोमट केली की थेंबभर पाण्यावाचून मधासारखा रस व्हायचा. तो रस वायू गिळायचा, तापवला की सोडायचा, आणि हा कंजूष तोच रस पुन्हा वापरायचा. दुष्काळात कोरड्यातनं ओलं निघालेलं पाहून आमची ही तोंडात बोट घालून उभी राहिली. सबंध संसारात माझ्या कुठल्या करामतीला तिनं तसं केलं नव्हतं.

तिला दमा. दवाखान्यातनं छातीसाठी फुंकायचं खेळणं दिलेलं, मी हातापाया पडायचो, ती तोंड लावायची नाय. वर जाऊन मात्र त्याच्या रसात नळीनं फुंकायची. श्वासातही तोच वायू असतो म्हणे. बुडबुडे उठले की तिचं हसू जिन्यावरनं खाली यायचं, आणि मी खाली बसून लसूण सोलायचो. एकदा तो मलाही म्हणाला, "दादा, तुम्हीही फुंका की." म्हणलं, "माझा वारा माझ्यापाशीच राहू द्या."

ही गेली. तेराव्यानंतर सर खाली आला, हातात बूच घट्ट लावलेली बाटली. म्हणाला, "बाकीचे सगळे तापवून वापरले. हा वहिनींनी शेवटचा फुंकलेला श्वास. तापवायला हात धजेना. तुमचा आहे, घ्या."

अंगाचा तिळपापड झाला. बायको माझी, आणि तिचा श्वास याच्या फडताळात. बाटली हिसकूनच घेतली, उशाशी ठेवली. पण उन्हाळा लई वाईट. भिंती तापल्या की जीव घाबरा व्हायचा, बाटली गरम होऊन रसानं तिला सोडलं तर? शेवटी मीच वर नेऊन दिली. त्यानं ती माठाशेजारी वाळूत पुरली, वर ओलं फडकं टाकलं.

आता दुपारी माझ्या वाट्यातलं तांब्याभर पाणी घेऊन मी वर जातो, फडकं भिजवतो. तो चहा टाकतो. माणूस मला अजून आवडत नाय. पण ती कशी हसायची, हे माझ्याशिवाय फक्त त्यालाच माहीत आहे.