कोमलच्या घरी

मुलांच्या तब्येतीचा अभ्यास आमच्या कवठ्यात बरीच वर्षं चालला होता. माझा मुलगाही त्यात होता. तपासण्यांतून काय कळलं, ते घरोघर सांगायला शिरूरहून एक बाई येत. भाकरी चालू असल्या तर उंबऱ्यावर बसून राहत. घाईत सांगितलेलं ध्यानात राहत नाही, म्हणत.

एकदा त्या शेजारच्या शालनकडे निघाल्या. तिची कोमल आदल्या वर्षी तापानं गेली होती. मी अडवलं, "आता तिथं कशाला?"

"त्या पोरीनंबी तपासणीला रक्त दिलं हाय. मग तिच्या आईला सांगाया नगं?"

माझ्यासमोरच शालननं सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "तुमच्या यादीतनं कोमलचं नाव खोडलं का वो?"

"न्हाई. हाय तसंच हाय."

लेक गेल्यापासून शालनच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.