पुण्याची मैत्रीण

नोकरीत पाहिलेली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं समोर येतं.

मी तेव्हा अकोल्यात ठाणेदार होतो. कापसाची वाईट वर्षं चालली होती. आमची माणसं रोज कुठल्या ना कुठल्या मोर्च्याच्या बंदोबस्तात असायची. मोबाइलवरून कुणी त्रास देतं अशी तक्रार आली की हवालदार सांगून मोकळे व्हायचे, "फोन बंद करून ठेवा."

एका दुपारी जठारपेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या. त्यांच्या घरी अचलपूरची एक मुलगी खोली घेऊन राहत होती. नुकतीच अकरावीत गेलेली, शिकवणीसाठी आलेली.

"पोरगी जेवत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "फोन वाजला का दचकते. काल मले विचारे, फोटो मिटवला तरी तो कोनापाशी राहते काय?"

एवढीच खबर. पण मुलं मनातलं सरळ विचारत नाहीत, आडून विचारतात. मी बाईंना परत पाठवलं नाही.

पोक्सो कायदा तेव्हा नवा होता. मुलीला ठाण्यात बोलवायचं नाही, एवढं पक्कं होतं. आमच्या महिला फौजदार साध्या साडीत बाईंच्या घरी गेल्या. मुलीच्या वडिलांना बोलावलं. त्यांचं अचलपुरात गादीघर होतं. खेड्यांतली लग्नं पुढे ढकलली जात होती, गाद्यांना गिऱ्हाईक नव्हतं. तरी त्यांनी मुलीला शिकायला पाठवलं होतं. ते एसटीने आले आणि ठाण्याच्या दारातच म्हणाले, "फोन मीच दिला साहेब. अकेली रहती, घरच्याशी बोलता यावं म्हणून."

जबाबात निघालं ते असं. मुलीला एका अनोळखी मुलीचा मेसेज आला होता. पुण्याची, तिच्याच वयाची. दोघी मेसेजवर रोज बोलू लागल्या. शिकवणीतल्या मुली हिच्याशी फारशा बोलत नसत. दुपारी खोलीवर आली की ही असायची आणि फोन. काही महिन्यांनी त्या मैत्रिणीने एक फोटो मागितला, पाठवायला नको होता असा. हिने पाठवला. मग धमक्या सुरू झाल्या: आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या अब्बांना दाखवीन.

फोन पंचांसमक्ष ताब्यात घेतला. मी ते सगळे मेसेज वाचले. शुद्ध, गोड, पुस्तकी मराठी. धमक्यांपर्यंत येता येता मात्र एका ठिकाणी घाईत लिहिलं होतं, 'काहून बोलून नाही राहिली?' मी ते मोठ्याने वाचलं. महिला फौजदार म्हणाल्या, "साहेब, हे पुण्याचं नाही. हा आपल्याकडलाच कोनी आहे."

मेसेज पाठवणारा नंबर रिद्धपूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या नावावर निघाला. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. लेकीकडे अकोल्याला आला असताना त्याने रिचार्जच्या एका दुकानात ओळखपत्राची झेरॉक्स काढली होती. तिच्यावरच सिमकार्ड निघालं होतं. तेच दुकान, जिथे ही मुलगी रिचार्ज करायची.

दुकानदाराला चौकशीला आणलं. तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, नम्र. बराच वेळ म्हणत राहिला, "मले काई मालूम नाही." मी आवाज चढवला नाही. त्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि त्या पुण्याच्या मुलीचे मेसेज पहिल्यापासून वाचायला लागलो. 'जेवलीस का?' 'आज पेपर कसा गेला?' 'तू रडू नकोस, मी आहे ना.' आठ-दहा वाचल्यावर त्याची मान खाली गेली.

"मी तिले हात बी लावला नाही, साहेब," तो म्हणाला.

ही माणसं काय केलं ते सांगत नाहीत, काय केलं नाही ते सांगतात. दुकानातून दुसरा फोन मिळाला. त्यात आणखी मुलींचे फोटो होते.

मुलीला आणि तिच्या वडिलांना अटकेची बातमी द्यायला मी स्वतः बाईंच्या घरी गेलो. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल तिला. ती म्हणाली, "मंग ती मुलगी कोनीच नव्हती?"

"नाही, बेटा."

"मले बुखार आला तवा तिनंच दवाखान्यात जा म्हटलं होतं."

वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या माणसाला शिक्षा झाली. निकाल सांगायला मी अचलपूरला गेलो. मुलगी आता तिथल्याच कॉलेजात होती. तिने चहा आणला आणि वडील दुकानात गेल्यावर हळूच विचारलं, "साहेब, त्या बाकीच्या पोरी मोठ्या आहेत का माह्याएवढ्या?"

"तुझ्याएवढ्याच."

"मले भेटता येईन का त्यांले? एकदाच. मी काई विचारनार नाही."

मी तिला कायदा समजावला. पीडित मुलीचं नाव कुणालाच सांगता येत नाही, दुसऱ्या पीडित मुलीलाही नाही. तिने ऐकून घेतलं. कपबशा उचलल्या आणि आत गेली.

नावं गुप्त ठेवायचा नियम योग्यच आहे. त्याच्याविरुद्ध मी कधी बोलणार नाही. पण एकाच माणसाने फसवलेल्या त्या सगळ्या मुली एकाच गावात, कदाचित एकाच रस्त्याने जात-येत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की असं फक्त आपल्याशीच झालं.

आता शाळांसाठी ऑनलाइन सुरक्षेची परिपत्रकं निघतात, मदतीचे नंबर भिंतीवर लावलेले असतात. मला भाषणाला बोलावतात. फोटो पाठवू नका, पासवर्ड देऊ नका, हे मी सांगतोच. ते सांगायलाच हवं. पण आधी मी मुलांना एवढंच सांगतो, की तुमच्यासोबत असं काही झालं असेल, तर या खोलीत तुम्ही एकटे नाही. हे वाक्य म्हटलं की वर्गातला गोंगाट थांबतो. कुणी मान वर करत नाही. मीही कुणाकडे बघत नाही. थोडा वेळ तसाच उभा राहतो.