माझ्या नावानं बोललेले नवस

दाणाबाजार मशीद बंदराहून वाशीला आला, तसं आमचं बिऱ्हाडही त्याच्या मागोमाग खाडी ओलांडून आलं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तिथं एका पेढीवर कामाला. नव्या घराला कुठला रंग लावायचा यावर भांडणं चालली होती आणि माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून केमोचं औषध सुरू झालं. खोटं कशाला बोलू, रोगापेक्षा औषधानंच मला जास्त छळलं. केस गेले त्याचं एवढं नाही वाटलं, रोजची वेणीफणीची कटकट गेली. पण अन्नावरची वासनाच उडाली. भाकरीचा घास लोखंड चघळल्यासारखा लागायचा, आणि शेजारणीनं फोडणी दिली की मी मोरीकडं पळायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, वजन आणखी घटलं तर पुढचा डोस देता येणार नाही. काहीही करा, पण खा." डोस थांबला तर पुढं काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. पोरगी दहावीला होती.

आता गंमत ऐका. त्या दिवसांत माझा जीव फक्त एका गोष्टीवर जायचा. थंड दहीभात आणि शेजारी लिंबाच्या लोणच्याची फोड. पण आमच्या साताऱ्याकडं आजारी माणसाच्या नावानं नवस बोलायची रीत आहे. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि पाळायचं ज्याच्या नावानं बोललं त्यानं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, कुलस्वामिनीला सांगितलं होतं, "बरी होईपर्यंत सूनबाई आंबटाला शिवणार नाही." दिघ्याच्या नणंदबाईंनी ज्योतिबाजवळ माझा भात सोडला. आणि मालकांनी, कुणाला न विचारता, खंडोबाला माझं दही देऊन टाकलं! मी विचारलं, "दहीच का?" तर म्हणाले, "आवडीची वस्तू सोडली की देव लवकर पावतो." म्हटलं, "मग तुमची तंबाखू सोडायची होती की!" त्यावर गडी खाली मान घालून पेढीवर निघून गेला.

हसू येतं आता. तेव्हा मात्र मी रडायची. चोरून खावं म्हटलं तर हिंमत होईना. नवस मोडला आणि दुखणं वाढलं, तर लोक बोलतील ते बोलतील, माझं मनच मला खाईल. खाल्लं तर देव कोपणार, नाही खाल्लं तर डॉक्टर! देवाला माझं बरं व्हावंसं वाटतं की नाही, असा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला आणि त्याची भीती रोगापेक्षा मोठी वाटली.

एका मंगळवारी डोक्याला पदर गुंडाळून मी जवळच्या गावात गेले. आमच्या बिल्डिंगा उठल्या त्या जमिनी या गावच्याच, आणि तिथली गावदेवी फार जुनी. देव तिघे लांबचे, ही जवळची. देवादेवांची आपसात ओळख असेलच, हिनंच मध्ये पडून काही सोडवावं, असा माझा हिशोब. हात जोडून म्हटलं, "आई, तिन्ही नको, एक तरी सोडव." तेवढ्यात चक्कर आली आणि मी खांबाला टेकून खाली बसले.

वैशाखाचं ऊन होतं. देवी तापू नये म्हणून त्या गावात या दिवसांत घरोघरचा थंड नैवेद्य असतो, हे मला कुठं ठाऊक! एक आगरी म्हातारी परात घेऊन आली, देवीला दाखवून झालं, आणि तिनं माझ्यापुढं केळीचं पान ठेवलं. पानावर दहीभात. वर लिंबाच्या लोणच्याची फोड. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी म्हटलं, "नको हो, मला नवस आहे." म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गो बाय, मी कुटं जेवन वाढतंय? परसाद हाय आईचा. त्याला नाय बोलतात का कोनी?"

मी खाल्लं. मग ओकारीची वाट बघत बसले. ती काही आली नाही, उलट पोट आणखी मागायला लागलं. म्हातारीनं दोनदा वाढलं आणि मी लहान पोरीसारखं पान पुसून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते लोणच्यामुळं असं तिला वाटलं असावं.

घरी सगळं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "देवीनंच वाढलं, तर मी कोण नको म्हणणारी?" आणि उठून ताज्या दुधाला विरजण लावलं. त्या दिवसापासून आमच्याकडं रोज दहीभाताचा नैवेद्य व्हायचा, आधी देवीच्या तसबिरीला, मग मला. प्रसाद असल्यामुळं तिन्ही नवस जागच्या जागी शाबूत! डॉक्टरांनी देवळातलं उघड्यावरचं खाल्लं म्हणून मला झापलं, पण घरच्या ताज्या दहीभाताला मान डोलावली.

पुढच्या वेळी वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा आत्या सोबत होत्या. नर्सबाई म्हणाल्या, "घटलं नाही, थोडं वाढलंय. डोस घेऊ या." वळून बघते तर आत्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. म्हटलं, झाला आणखी एक नवस! काट्यावरून उडी मारली आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "आत्या, तुमच्या पाया पडते, आता काही बोलू नका!"

त्यांनी माझा हात बाजूला केला. त्यांचे डोळे भरून आले होते. "काही मागत नव्हते गं बाई," त्या म्हणाल्या, "नुसता नमस्कार करत होते."

मग मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि नुसता नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा.