चार दिवस बॅगेत राहिलेली पाटी

हरेश्वर गेल्याचं मला बोईसरच्या बाजारात, सुके बोंबील घेताना कळलं. चिंचणीहून टोपली घेऊन येणारी मावशी बोंबील बांधता बांधता म्हणाली, "तुमचा तो गाडीवाला गेला की. ठाव नाय तुमाला? दहावं पण झालं." मी विचारलं, कशाने? "छातीच भरलेली त्याची. शेवटी तर दोन पावलं टाकली का बसायचा." पुडकं माझ्या हातात देऊन ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बोईसरहून चिंचणी म्हणजे एसटीने तासाभराचंही अंतर नाही. इतक्या वर्षांची ओळख, आणि मला निरोप धाडावा असं त्या घरात कुणालाही वाटू नये? रागच आला. मग सरावलीच्या माझ्या खोलीपर्यंत चालत येईतो तो राग हळूहळू माझ्यावरच उलटला. निरोप का आला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं…

आम्ही दोघे बोईसरच्या एका फायबरच्या कारखान्यात होतो. मी सांगलीकडून नोकरीसाठी आलेला, ऑफिसात टाइपरायटर बडवणारा. तो शेडमध्ये, फायबरला घट्ट करणाऱ्या रेझिनच्या वासात उभा असलेला कारागीर. पाण्याच्या टाक्या, बाथटब, खुर्च्या असलं काय काय तिथे निघायचं. हरेश्वर कोळ्याचा पोर, पण त्याचा बाप समुद्रावर जाण्यापेक्षा होड्या बांधण्यात जास्त रमलेला. मी चष्मा लावतो आणि खिशाला पेन अडकवतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. एकदा डबा खाताना म्हणाला, "मास्तर, होडीवर मालकाचा नाव असते, देवाचा असते. माझ्या बापानं चाळीस होड्या बांदल्या, त्याचा नाव एका तरी फळीवर हाय काय?" तेव्हा मी हसलो होतो. त्याच्या मनाला ते किती लागलं आहे, हे मला कळलं नाही.

आमच्या शेठला गाड्यांचं वेड. मुंबईत कुणाकडे तरी त्याने एक जुनी विलायती रेसची गाडी पाहिली, दोन सीटांची, लांब नाकाची, उघड्या टपाची, आणि तिची हुबेहूब नक्कल आपल्या कारखान्यात करायची असं त्याच्या डोक्यात बसलं. गाडीमालकाच्या परवानगीने हरेश्वरने तिची मापं घेतली. टेप सोबत होता, तरी अर्धी मापं त्याने हाताच्या वितीने आणि नुसत्या डोळ्याने घेतली. बाप होडीची मापं तशीच घ्यायचा म्हणे. आधी लाकूड आणि पुट्टीची गाडी, तिच्यावरून साचा, साच्यातून फायबरचं अंग, खाली अपघातात मोडलेल्या एका गाडीची चासी आणि इंजिन. आठ महिने तो तोंडाला नुसता रुमाल बांधून त्या अंगाला पॉलिशपेपर मारत होता. फायबरमधल्या काचेची धूळ भुवयांवर, पापण्यांवर, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. नारळी पौर्णिमेला गाडी उभी राहिली तेव्हा त्याने तिच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "बंगलोरच्या प्रदर्शनाला गाडी चालत गेली आणि धड पोहोचली, तर हिच्यावर पाटी लागेल. बनवणारा हरेश्वर." शेडमध्ये टाळ्या झाल्या. हरेश्वर मान खाली घालून हात पुसत राहिला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

पाटी करून आणायचं काम माझ्याकडे आलं. शेठने केबिनमध्ये बोलावून कागद दिला. त्यावर इंग्रजीत कारखान्याचं नाव, आणि खाली 'रचना व निर्मिती' म्हणून शेठचं. मी कागद उलटून पाहिला. शेठ म्हणाला, "परदेशी पाहुणे येणार आहेत. कोळ्याचं नाव लावून ऑर्डर मिळत नसते. पोहोचेपर्यंत त्याला बोलायचं नाही. आणि तुमचं कायम होण्याचं पत्र मी टेबलावर ठेवलंय, परत आलात की सही करतो." मी कागद खिशात घालून बाहेर आलो. पालघरला जाऊन पितळेची पाटी कोरून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवली. रस्त्यात पोलिसांना इंग्रजी कागद दाखवायला कुणीतरी हवं म्हणून शेठने मलाच हरेश्वरबरोबर धाडलं. तो स्वतः विमानाने येणार होता.

दसरा झाला आणि आम्ही निघालो. गाडीत बसायला गेलो तर हरेश्वर म्हणाला, "चपला काढ, मास्तर. नव्या होडीत कोण चपला घालून चढते काय?" दोघांच्या चपला डिकीत गेल्या आणि बंगलोरपर्यंत आम्ही अनवाणीच गाडीत बसलो. त्याच दिवशी त्याने मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं, आणि मला फार बरं वाटलं होतं. चिल्हार फाट्यावर हायवेला लागलो तशी त्याने गाडी जरा सोडली. ट्रकवाले खिडकीतून अर्धे बाहेर येऊन बघायचे. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं, तर एका एसटीचा ड्रायव्हर आपली गाडी बाजूला घेऊन पाणी घेऊन आला. "कुठल्या देशाची हो?" त्याने विचारलं. हरेश्वर म्हणाला, "चिंचणीची." ड्रायव्हरला वाटलं थट्टा करतोय. मग तासभर हरेश्वर वाऱ्यात मोठमोठ्याने गात होता, बेसूर. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या पायांमधल्या बॅगेत ती पाटी होती.

कराडच्या अलीकडे परतीच्या पावसाने गाठलं. पावसासाठी वर ओढलेलं कापडी छप्पर फाटल्यासारखं गळायला लागलं. थोड्या वेळाने पाहतो तो पाणी घोट्यापर्यंत. ते कुठूनच बाहेर जाईना. गाडी थांबवली, हरेश्वरने खाली वाकून हात फिरवला आणि कपाळावर मारून घेतलं. आठ महिने खपून त्याने गाडीचा तळ होडीसारखा एकसंध, थेंबही झिरपणार नाही असा बांधला होता. पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या. आत आलेलं पाणी जायला गाडीच्या तळाला भोकं लागतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं! आम्ही जेवणाच्या डब्यांनी पाणी उपसायला लागलो. रस्त्याने जाणारे लोक थांबून हसत होते आणि हसून हसून आमचीही पोटं दुखली.

पण पुढच्या गॅरेजात मेकॅनिकने ड्रिल आणलं तेव्हा हरेश्वरचा चेहरा बदलला. "तळाला भोक? मी नाय पाडणार. माझा बाप वरून बघत असंल." मेकॅनिकला तो गाडीला हात लावू देईना. शेवटी ड्रिल माझ्या हातात दिलं, कुठे, किती तिरकं धरायचं ते सांगितलं, आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी चार भोकं पाडली. पाणी धो धो गेलं. नंतर चहा पिताना तो म्हणाला, "पाटी इथं लावू या, मास्तर. स्टेरिंगच्या बाजूला. माझी पोरगी बसली का तिला दिसेल." मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्याने गाडी वळवून चिंचणीला नेली असती, आणि माझं पत्र टेबलावरच राहिलं असतं. मी चहा संपवला आणि म्हटलं, "हो, चांगली जागा आहे."

चौथ्या दिवशी बंगलोरला पोहोचलो. प्रदर्शनाच्या फाटकापासून थोड्या अंतरावर शेठ उभा होता, नवी टोपी, गळ्यात रुमाल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा नसेल. गाडीभोवती एक चक्कर मारून तो मला म्हणाला, "पाटी लावा." मी बॅग उघडली. वर्तमानपत्र सोडलं. हरेश्वरला इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव इंग्रजीत कसं दिसतं हे त्याने माझ्याकडूनच, माझ्याच टेबलावर बसून शिकून घेतलं होतं. त्याने पाटीवरून बोट फिरवलं. शेवटपर्यंत. मग पहिल्यापासून पुन्हा… शेठ घड्याळ बघत होता. मी स्क्रू लावायला पुढे झालो तर हरेश्वरने माझ्या हातातून हत्यार काढून घेतलं. "ठेवा मास्तर, तुमाला नाय जमायचा. फायबर चिरेल." आणि त्याने ती पाटी स्वतः लावली, सरळ, एकही चरा न पाडता. शेठ चपला-बुटांसकट गाडीत बसला आणि फाटकातून आत गेला. आत टाळ्या वाजल्या, त्या आम्ही बाहेरून ऐकल्या.

परत आल्यावर मी कायम झालो. हरेश्वरने नोकरी सोडली आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना फायबर चढवायचं काम धरलं. मी दर वर्षी एकदोनदा जायचो. तो बसायला खुर्ची द्यायचा, बायकोला तळलेला पापलेट वाढायला सांगायचा, होड्यांबद्दल बोलायचा. गाडीबद्दल एक अक्षर नाही. मीही विषय काढला नाही. त्याने भांडावं, चार शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो खरं तर, म्हणजे मला मोकळं होता आलं असतं. त्याने मला तेवढंही दिलं नाही. पुढे खोकला वाढला. मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर हसला फक्त.

बाजारातल्या त्या बातमीनंतर दोन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. घरामागच्या मांडवात एक होडी अर्धीच झालेली होती, पुढचा भाग गुळगुळीत चकचकीत आणि मागे उघडं लाकूड. पत्र्याच्या डब्यात त्याचा ब्रश रेझिनमध्ये उभाच्या उभा दगड होऊन बसला होता. हरेश्वर रोज काम झालं की ब्रश धुऊन ठेवायचा. त्या शेवटच्या दिवशी त्याच्याने तेवढंही झालं नसावं. मी डबा उचलून पाहिला, परत जागेवर ठेवला. त्याची बायको दारात उभी होती.

मी तिला सगळं सांगितलं. पाटी, पत्र, चार दिवस, सगळं. ओळखीची गोष्ट ऐकावी तशी ती ऐकत होती. तिला हे सगळं आधीपासून माहीत असावं. मग मी म्हटलं, "वहिनी, मी पेपरात लिहिणार आहे. गाडी कुणी बांधली ते त्याच्या पूर्ण नावासकट लिहिणार."

"लिवा," ती म्हणाली. "पण त्याचा नाव नाय घालायचा."

मला वाटलं मी नीट सांगितलं नाही. पुन्हा सांगायला लागलो, तर तिने हातानेच थांबवलं. "तेव्हा घालायचा होता. तेव्हा त्याला पायजे होता. आता नाव छापून तुमचा काळीज हलका होईल, भाऊ. त्याचा काय होनार? माझ्या पोरीचा काय होनार? तुमचा सगला लिवा. त्याचा नाव आमच्यापाशी राहू दे."

ती आत गेली. त्या दिवशी मला कुणी बस म्हटलं नाही.

मी तिचं ऐकलं आहे. वर ज्याला मी हरेश्वर म्हटलं, त्याचं नाव हरेश्वर नव्हतं.