दिनानाथच्या नावाची मेल

नवरा गेल्यावर मंदाने त्याचा मोबाइल चालू ठेवला, कारण केळव्याच्या वाडीचं वीजबिल त्याच्याच मेलवर यायचं. दिनानाथ बोईसरच्या कारखान्यात होता. दुपारच्या पाळीतच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. फोन मात्र नको त्या मेलने दिवसभर वाजायचा. कर्ज घ्या, केस उगवा, अभिनंदन दिनानाथ, तुम्हाला बक्षीस लागलं. चिकू निवडता निवडता मंदा ऐकायची. रागही यायचा नाही, रडूही नाही.

शेवटी पालघरची नणंद रूपल येऊन बसली. अनोळखी मेलमधल्या लिंकला बोट लावायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, असं तिने समजावलं. ‘मेल नको असल्यास इथे दाबा’ असं असलं तरी अनोळखी मेलमधलं तेही दाबायचं नाही. इथे कुणीतरी वाचतंय हे त्यांना कळतं आणि मेल वाढतात. सरळ स्पॅम करायचं. ओळखीच्या दुकानाची असेल तरच ती बंद करायला सांगायचं. स्पॅमचा कप्पाही अधूनमधून बघायचा, कधी खरी मेल चुकून तिथे पडते.

"नाव कोनीपन कोनाचंपन लावील," रूपल म्हणाली. "नावाखालचा पत्ता बघ, वहिनी."

मंदा रोज जेवणानंतर वाफ्यातलं तण काढावं तशा मेल काढू लागली. फोन हळूहळू गप्प झाला.

मग एका दुपारी मेल आली. पाठवणाऱ्याच्या जागी दिनानाथचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. खाली लिहिलं होतं: अडचणीत आहे, ही लिंक लगेच उघड.

मंदा नुसती बघत राहिली. मग तिने नावावर बोट ठेवलं. खाली कसलाही अर्थ न लागणारी अक्षरं आणि आकडे उलगडले. तिने रूपलला फोन केला. रूपल म्हणाली, नावं कुठून तरी चोरतात, पुष्कळांना येतं असं. मी येऊन काढू का?

"नको. मीच काढते."

तिने स्पॅम दाबलं. या व्यक्तीला ब्लॉक करायचं का, असं मोबाइलने विचारलं. तिने हो म्हटलं. नाव गेलं. आता तरी रडू येईल म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. चिकूंवर ऊन आलं होतं, तिने टोपल्या सावलीत ओढल्या.

संध्याकाळी रूपल न सांगताच आली. दोघी वालाच्या शेंगा सोलत बसल्या.